आधी छताचा निकाल लावा

नवरा-बायको वेगळे झाले की कोर्टात एकामागून एक प्रकरणं उभी राहतात. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन, कधी फौजदारी तक्रारही. यातल्या बहुतेकांना उशीर झाला तर त्रास होतो, पण पुढेमागे हिशेब जुळवता येतो. थकलेली पोटगी वसूल करता येते, दागिन्यांची किंमत लावता येते. आज रात्री मुलांना घेऊन कुठे झोपायचं, याची मात्र थकबाकी राहत नाही. हा प्रश्न त्याच दिवशी सुटतो. कोर्टाने सोडवला नाही, तर ज्याच्या हातात किल्ली असते तो सोडवतो.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. राहत्या घरात कोण राहणार हे न्यायालयाने बाकी सगळ्याच्या आधी, काही आठवड्यांत ठरवावं. ठरवताना घरात कोणाला मारहाणीचं भय आहे, मुलं कोणाजवळ आहेत आणि त्या चार भिंतींत कोणाची रोजीरोटी चालते, हे या क्रमाने बघावं. उताऱ्यावर नाव कोणाचं, हे सगळ्यात शेवटी. मालकीचा दावा दिवाणी कोर्टात दहा वर्षं चालायचा असेल तर चालू द्या. राहण्याचा प्रश्न त्याच्या शेपटीला बांधू नका.

सोलापुरात असे वाद पुष्कळदा एका साध्या वाक्याने सुरू होतात. "चार दिवस माहेरी जाऊन ये, डोकं शांत होऊ दे." कधी सासू म्हणते, कधी पोरीची आईच फोनवर म्हणते, "ये गं इकडं, बघू नंतर." ती दोन पिशव्या भरून, मुलांना घेऊन निघते. महिन्याभरात दाराचं कुलूप बदललेलं असतं. तोवर नवरा वकिलाला भेटलेला असतो आणि वकिलाने पहिला सल्ला दिलेला असतो, "काही झालं तरी घराचा ताबा सोडू नका." वकिलाच्या बाजूने बघितलं तर सल्ला बरोबरच आहे. ताबा ज्याचा, त्याला कोर्टात घाई नसते. पुढे तिच्या हातात नोटीस पडते की, कारण नसताना घर सोडून गेलात, नांदायला या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली तसा दावाही दाखल होतो. कागद म्हणतो या, दार म्हणतं येऊ नका, आणि तारखा पडत राहतात.

कायदा तिच्या विरोधात आहे म्हणून हे होतं, असं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना आहे. त्याचं कलम १७ सांगतं की, सामाईक घरात राहण्याचा तिला हक्क आहे, तिच्या नावावर ते घर असो वा नसो. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी तिला घराबाहेर काढायला मनाई करू शकतात, मारहाण करणाऱ्या पुरुषाला घर सोडायला सांगू शकतात, घर विकायला किंवा गहाण टाकायला बंदी घालू शकतात, किंवा तिला त्याच दर्जाची दुसरी जागा नाहीतर तिचं भाडं द्यायला लावू शकतात. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत लागावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, हेही कलम १२ मध्येच लिहिलं आहे. कलम २३ खाली अंतरिम आदेश देता येतो, निकड असेल तर समोरच्याला न ऐकताही. म्हणजे मी मागतो आहे त्यातला वेगाचा भाग वीस वर्षांपूर्वी संसदेने देऊन ठेवला आहे.

मग अडलं कुठे? काही वर्षं ते दिल्लीतल्या एका घरावर अडलं. बत्रा खटल्यात सून परत आली तेव्हा दाराला कुलूप होतं आणि घर सासूच्या नावावर होतं. १५ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, सामाईक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतलं, ज्यात त्याचा हिस्सा आहे असं घर. सासूचं घर त्यात बसत नाही. कायदा अमलात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. या निकालाने आपल्याकडच्या बहुतेक सुना एका फटक्यात कायद्याच्या बाहेर गेल्या, कारण आपल्याकडे तिशीतल्या मुलाच्या नावावर घर असतंच किती ठिकाणी? घर वडलांचं असतं, आईचं असतं, आजोबांच्या नावावरून वारस नोंद व्हायची राहिलेली असते. शिवाय ज्यांच्या स्वतःच्या नावावर घर होतं, त्यांनाही वाट सापडली. भांडण दिसू लागलं की घर आईच्या नावे बक्षीसपत्र करून टाकायचं.

ही चूक दुरुस्त व्हायला १५ ऑक्टोबर २०२० उजाडला. सतीशचंद्र आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बत्राचा निकाल बाजूला सारला. घर सासऱ्याचं असलं, त्यात नवऱ्याचा एक पैशाचा हिस्सा नसला, तरी सून तिथे संसार करून राहिली असेल तर ते सामाईक घर ठरू शकतं. मग मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. ती प्रत्यक्ष त्या घरात राहिली नसली, तरी नात्यामुळे तिला राहण्याचा हक्क होता एवढं पुरतं. जिला लग्नानंतर उंबरठाच ओलांडू दिला नाही, अशा मुलीलाही आता दाद मागता येते. कायद्याचा अर्थ बऱ्यापैकी स्वच्छ झाला आहे. राहिला आहे तो उशीर, आणि आदेश देताना घराकडे बघण्याची नजर.

इथे सोलापूरचं वेगळेपण सुरू होतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये घर ही राहायची जागा असते आणि काम दुसरीकडे असतं. आमच्या पूर्व भागात, साखर पेठेपासून नीलमनगर, विडी घरकुलापर्यंत, हजारो बायकांचं काम घरातच असतं. विडीची बाई सकाळी कारखान्याच्या ब्रँचमधून पान, तंबाखू, सूत आणते, पान भिजवते, कापते, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळते आणि दुसऱ्या दिवशी विड्या मोजून देते. मजुरी हजारावर मिळते. तिचं कार्ड, तिचा भविष्य निर्वाह निधी, तिची ओळख त्या ब्रँचशी बांधलेली असते आणि ब्रँच घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असते. तिला घराबाहेर काढलं म्हणजे त्याच दिवशी तिचं कामही काढून घेतलं. माहेर मोहोळला किंवा कलबुर्गीकडच्या खेड्यात असेल तर तिथे ब्रँच नाही, कार्ड नाही, आणि भावाच्या घरात पान भिजवायला जागाही नाही.

अशा बाईला "घरी राहू देत नाहीत तर भाड्यापोटी महिन्याला अमुक रुपये घ्या" असा आदेश मिळतो, तेव्हा तो कागदावर ठीक दिसतो. प्रत्यक्षात ती खोली शोधायला निघते तेव्हा घरमालक पहिला प्रश्न विचारतो, मालक काय करतात? नवऱ्यापासून वेगळी राहते म्हटलं की खोली दुसऱ्याला दिलेली असते. मिळालीच तर डिपॉझिट मागतात, आणि तंबाखूचा खकाणा उडतो म्हणून विडीचं काम नको म्हणतात. कायद्याचे शब्द आहेत की, पर्यायी जागा ती सामाईक घरात उपभोगत होती त्याच दर्जाची हवी. माझा आग्रह आहे की, ज्या घरात ती कमावत होती त्या घराच्या दर्जात कमावण्याची सोय धरलीच पाहिजे. ब्रँचपासून सहा किलोमीटरवरची खोली त्याच दर्जाची नाही, मग तिला संगमरवरी फरशी का असेना. वकिलांनी हा मुद्दा अर्जात सविस्तर मांडायला हवा. ब्रँचचं नाव, घरापासूनचं अंतर, दिवसाची मजुरी, हे सगळं प्रतिज्ञापत्रात आलं तर न्यायाधीशांना घर दिसतं. नाहीतर त्यांच्यासमोर फक्त घर क्रमांक असतो.

मुलांचंही तसंच. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तिसरीपर्यंत तेलुगूत शिकलेलं पोर आईबरोबर माढ्याला गेलं की फक्त शाळा बदलत नाही, शिकण्याची भाषाच बदलते. वर्षाच्या मधोमध. घर कोणाला मिळणार याचा निकाल दोन वर्षांनी लागला तर तोवर त्या मुलाचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि मग कोर्टच म्हणतं की, मूल आता तिकडे रुळलं आहे. उशिराने तयार केलेली परिस्थिती पुढच्या आदेशाचं कारण बनते. याचा मला मनस्वी राग येतो, कारण यात मुलाला कुणी विचारलेलंच नसतं.

रोजीरोटीची कसोटी लावायची म्हटली की, ती नेहमी बाईच्याच बाजूने जाईल असं मी म्हणत नाही. पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेल-चादरीचे चार लूम, अशी घरं इथे शेकड्याने आहेत. लूम नवरा चालवतो, बायको कांड्या भरते, वीजजोडणी सासऱ्याच्या नावे. त्याला घराबाहेर काढलं तर त्याचाही धंदा बसतो, आणि धंदा बसला तर पोटगी कशातून देणार? अशा ठिकाणी आदेश घराचे भाग पाडून द्यावा लागेल. शेडला मागच्या बोळातून दार असेल तर तो दिवसा तिथून यावा, काम करावं, पुढच्या खोल्यांत पाऊल टाकू नये. मात्र जिथे त्याने हात उगारलेला आहे तिथे भिंत पुरत नाही. मी क्रम सांगितला तो यासाठीच. आधी भय, मग मुलं, मग रोजीरोटी. मारणाऱ्याचा धंदा घरात आहे म्हणून मार खाणारीने बाहेर जावं, असा न्याय असू शकत नाही.

हे सगळं ठरवायला घर बघावं लागतं. किती खोल्या, किती दारं, संडास सामाईक की वेगळा, पाण्याचा नळ कोणाकडे. सोलापुरात पाणी किती दिवसांआड येतं ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाण्याची टाकी ज्याच्या कुलपात, घर त्याचंच. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याने जाऊन, बघून, साधा नकाशा काढून दोन पानी अहवाल द्यावा, यासाठी नवा कायदा लागत नाही. लागतात ती माणसं, आणि ज्यांच्यावर इतर दहा योजनांचं ओझं नाही असे अधिकारी.

आता या विषयातला सगळ्यात अवघड भाग. सासूचा.

सोलापूरजवळ कुंभारीला माकपचे नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने महिला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. १०,००० घरं. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगार बायकांना मिळाली. नंतर त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर आलं, त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सुपूर्द केली. प्रधानमंत्री आवास योजनेत घर बाईच्या नावे किंवा जोडनावाने असावं लागतं. कष्टकरी बाईच्या नावावर घर म्हणजे काय, हे या गावाने डोळ्यांनी बघितलं आहे. ज्या घराचा उतारा तिच्या नावे आहे, तिथे "माझ्या घरातून चालती हो" हे वाक्य म्हणायला नवऱ्याची जीभ उचलत नाही. मोठमोठ्या कायद्यांनी जे साधलं नाही ते कागदावरच्या एका नावाने पुष्कळ ठिकाणी साधलं.

पण २००६ ला चाळिशीत असलेली ती कामगार बाई आज साठीच्या घरात आहे. तिने आयुष्यभर विड्या वळून हप्ते भरले. मुलाचं लग्न झालं, सून आली, तीही विड्या वळते. मुलगा दारू पितो, सुनेला मारतो, आणि एक दिवस निघून जातो. उरतात दोन बायका, दोन-तीन नातवंडं आणि एका खोलीचं घर. आता सून म्हणते, हे माझं सामाईक घर. सासू म्हणते, हे माझ्या घामाचं घर. दोघी खरं बोलतात. आहुजा निकाल सुनेच्या बाजूने सहज वाचला जातो, पण त्याच निकालात न्यायालयाने बजावलं आहे की, सुनेचा हा हक्क अबाधित नाही. वृद्ध सासू-सासऱ्यांनाही सुखाने राहण्याचा अधिकार आहे आणि दोन्हींचा तोल बघूनच आदेश द्यायचा आहे.

सासूच्या हातात दुसरा कायदाही आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा, २००७ चा. त्याचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणात चालतो आणि तिथे गाडी कोर्टापेक्षा वेगाने धावते. निर्वाहाचा अर्ज ९० दिवसांत निकाली काढावा असं तो कायदाच सांगतो. या वेगाचा गैरवापर होतो हे उघड गुपित आहे. बायकोशी पटत नाही तो मुलगा आई-वडलांना पुढे करतो; ते अर्ज करतात की, मुलगा आणि सून दोघंही छळतात, दोघांना बाहेर काढा. मुलगा मान खाली घालून आदेश स्वीकारतो, सून रस्त्यावर येते, आणि पंधरवड्यात मुलगा परत घरात. डिसेंबर २०२० मध्ये एस. वनिता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखलं. बंगळुरूच्या त्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की, ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा राहण्याचा हक्क झटक्यात मारता येणार नाही, दोन्ही कायदे एकमेकांशी जुळवून वाचावे लागतील. प्रांत कार्यालयात आदेशावर सही करताना प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारला गेलाच पाहिजे: या घरात सून आहे का, आणि तिचा अर्ज दुसऱ्या कोर्टात चालू आहे का?

खऱ्या सासूचं काय, जिच्या घरात खरंच एकच खोली आहे आणि जिला सुनेबरोबर राहणं असह्य झालं आहे? माझं मत असं की, तिला तिचं घर मिळालं पाहिजे. विडी वळून घेतलेलं घर हा कुठल्याही जमीनदाराच्या वाड्याइतकाच पवित्र हक्क आहे, आणि मुलाच्या पापाची किंमत आईने म्हातारपणी छप्पर देऊन चुकवावी हे मला मान्य नाही. पण सुनेला बाहेर काढण्याआधी मुलाकडून तिची दुसरी सोय झालेली असली पाहिजे. आधी सहा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट कोर्टात जमा, खोली बघून पसंत, चावी तिच्या हातात. नंतर घर सोडण्याचा आदेश. आज उलटं होतं. घर आधी सुटतं आणि भाडं पुढच्या तारखेला, मग त्याच्या पुढच्या. नवरा बेपत्ता असेल तर? मग जबाबदारी राज्याची आहे. अशा बायकांसाठी महिना-दोन महिन्यांचा नव्हे, निकालापर्यंतचा निवारा प्रत्येक जिल्ह्यात लागेल, आणि त्यासाठी पैसे खर्च करावे लागतील. स्वस्त उपाय मला दिसत नाही.

पुरुषांची बाजू ऐकूनच हे लिहितो आहे. जुळे सोलापुरात कर्ज काढून फ्लॅट घेतलेला, हप्ता भरणारा, आणि भांडणानंतर मित्राच्या खोलीवर राहणारा माणूस विचारतो, घर माझं, कर्ज माझं, आणि बाहेर मीच का? त्याच्या प्रश्नात खोट नाही. राहण्याचा आदेश म्हणजे मालकी नव्हे, हे त्याला कोणी नीट सांगतच नाही, म्हणून तो घर कायमचं गेलं असं समजून भीतीने लढतो. तो हप्ते भरणं थांबवतो, मग बँकेची नोटीस दारावर चिकटते आणि घर दोघांचंही जातं. लवकर दिलेल्या आदेशात हप्ता कोणी किती भरायचा, सोसायटीचा मेंटेनन्स कोणी द्यायचा, मुलांना तो कधी भेटणार आणि घर विकायचं नाही, हे सगळं एकत्र लिहिलं तर त्याचंही भलं होईल. भाडं आणि इतर देणी कोणी भरायची हे ठरवण्याचा अधिकार कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम १९ मध्ये आहेच. आणि तक्रार खोटी असेल तर? ती उघडी पडायलाही सुनावणी लवकरच व्हावी लागते. आजच्या दिरंगाईत खोटी तक्रारही खरीइतकीच वर्षं जगते.

बाईला माहेरचं घर आहेच की, असंही ऐकू येतं. त्या घराचा कागद बघा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मजात हिस्सा दिला, २००५ ला देशाने दिला. त्याच २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्याचं कलम २३ गेलं, ज्यात वडलांच्या राहत्या घरात लेकीला फक्त राहण्याचा हक्क होता, तोही ती अविवाहित, टाकलेली, विभक्त किंवा विधवा असेल तरच. कायद्याने दार एवढं उघडलं, आणि आपण काय केलं? वडील गेले की तेराव्यानंतर तहसील आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणींना घेऊन जातो आणि हक्कसोडपत्रावर अंगठे-सह्या घेतो. "भावाशी नातं टिकवायचं आहे ना?" एवढ्यावर ती सही करते. पुढे दहा वर्षांनी ती दोन पिशव्या घेऊन परत येते तेव्हा त्याच घरात पाहुणी असते, आणि चौथ्या दिवशी वहिनीचा चेहरा तिला ते सांगतो. सासरच्या घरावर नाव नव्हतं, माहेरच्या घरावरचं स्वतःच्या हाताने सोडलं. मी ओळखीच्या प्रत्येक बहिणीला सांगत आलो आहे आणि इथेही सांगतो: हक्कसोडपत्रावर सही करू नका. भाऊ रुसला तर रुसू दे.

एक सुधारणा अशी आहे की जिला फारसा खर्च लागत नाही. १९६५ मध्ये इंग्लंडात एक नवरा बायकोला सोडून गेला, राहतं घर त्याने स्वतःच्या कंपनीच्या नावे केलं आणि कंपनीने ते बँकेकडे गहाण टाकलं. कर्ज थकलं, बँक ताबा मागायला आली. तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने बँकेच्या बाजूने निकाल दिला: बायकोचा हक्क नवऱ्याविरुद्ध, बँकेविरुद्ध नाही. दोनच वर्षांत, १९६७ ला, संसदेने कायदा करून बायकोचा राहण्याचा हक्क घराच्या नोंदीवर चढवायची सोय केली, म्हणजे घेणाऱ्याला आधीच कळावं. १९९६ च्या कायद्याने तर घर कोणाला हे ठरवताना न्यायाधीशाने तोलून बघायचं की, आदेश दिला तर आणि न दिला तर कोणाचं, विशेषतः मुलांचं, जास्त नुकसान होईल. बत्रा खटल्यात आपल्या न्यायालयाने याच १९६७ च्या कायद्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं की, भारतात असा कायदा नाही. बरोबर आहे, मग करूया. राहण्याचा आदेश निघाला की त्याची नोंद सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर, गावात असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आपोआप जावी. आदेशाची प्रत कोर्टातून थेट त्या कार्यालयात. सातबारावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो, तसा माणसाच्या राहण्याचा हक्क का चढू नये? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शरद जोशींच्या हाकेवर शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या होत्या, त्याच महाराष्ट्रात एवढी नोंद जड जायला नको.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. सुमारे ४०० किलोमीटरवरच्या मुंबईच्या चकरा वाचल्या, ही मोठी सोय झाली. पण विडी घरकुलातली बाई उच्च न्यायालयापर्यंत क्वचितच जाते. तिचा न्याय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातल्या पहिल्या दोन तारखांना होतो किंवा होत नाही. त्या दोन तारखांसाठी तिच्या पिशवीत रेशन कार्ड, विडी कार्ड, मुलांचा शाळेचा दाखला, वीजबिल आणि घराच्या आतले दोन-चार फोटो असायला हवेत; ती त्या घरात राहत होती हे त्यातून उभं राहतं. माहेरी निघताना घाईत नेमकं हेच घरी राहतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील तिला मिळू शकतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट स्त्रियांना लागू नाही, हे तर बचत गटाच्या बैठकीतही सांगता येईल.

शेवटी आदेश अमलात कसा येतो यावर सगळं अवलंबून आहे. आदेश हातात घेऊन ती दारात उभी राहते, आतून कोणी कडी काढत नाही, शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि पोलीस ठाण्यात सांगतात की, हे कौटुंबिक आहे, कोर्टात जा. ती कोर्टातूनच आलेली असते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला आदेशाच्या अंमलबजावणीत मदत करायला सांगू शकतात. तेव्हा प्रत्येक आदेशात ठाण्याचं नाव असावं, अमुक तारखेला अमुक वाजता महिला पोलिसासह तिला घरात नेऊन सोडावं असं स्पष्ट लिहावं, कुलूप असेल तर पंचनामा करून ते तोडण्याची परवानगी त्याच कागदावर असावी, आणि आठ दिवसांत ठाण्याने कोर्टाला कळवावं की ती आत राहते आहे की नाही.